समुद्रावरची चोरटी नभोवाणी

चाचे म्हटले की काळे निशाण लावलेले गलबत आपल्या डोळ्यांपुढे येते. आज ज्या चाच्यांची हकीकत सांगणार आहे, त्यांनी कोणाची पेटी फोडली नाही. त्यांच्यापाशी होती एक जुनी बोट, तीवर उभारलेला उंच मनोरा आणि खोलीभर तबकड्या.

विलायतेत त्या काळी देशातली नभोवाणी म्हणजे एकटी बीबीसी. बातम्या, भाषणे, नाटके उत्तम. पण तबकड्या रोज किती वेळ वाजवायच्या यावर बंधन. सगळे तबकड्यांवर भागू लागले तर वाजवणाऱ्यांच्या पोटाचे काय, अशी वादकांच्या संघटनेची तक्रार होती. ती खोटी नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. पण नव्या गाण्यांसाठी आसुसलेल्या पोरांची समजूत कोण घालणार?

वाट आधी डेन्मार्कात निघाली होती. १९५८ साली 'रेडिओ मर्क्युर' बोटीवरून बोलू लागले. युक्ती साधी. देशाचा कायदा किनाऱ्यापासून ठरावीक मैलांपर्यंतच चालतो. ब्रिटनची हद्द तेव्हा तीन सागरी मैल होती. त्यापलीकडे नांगर टाकायचा, निशाण परक्या देशाचे लावायचे आणि खर्च जाहिरातींतून काढायचा. २८ मार्च १९६४ रोजी रोनन ओराहिली या आयरिश तरुणाने अशीच 'रेडिओ कॅरोलाइन' सुरू केली. चोरी म्हणावी, तर कायद्यात कलम सापडेना! मात्र देशादेशांनी आपसांत वाटून घेतलेल्या लहरींत ही मंडळी न विचारता घुसली होती, हेही खरेच.

तिथले जिणे काही मौजेचे नव्हते. जानेवारी १९६६ च्या वादळात कॅरोलाइनची एक बोट नांगर तुटून थेट किनाऱ्यावर येऊन रुतली. माणसे कशीबशी वाचली. त्याच जूनमध्ये, थेम्सच्या मुखाशी जुन्या लष्करी बुरुजावर चालणाऱ्या 'रेडिओ सिटी'चा मालक आपसांतल्या भांडणात गोळी लागून मेला. गाण्याच्या पाठीमागे पैसा होता आणि पैशाच्या पाठीमागे अशी माणसेही होती.

अखेर १५ ऑगस्ट १९६७ पासून (तारीख आपल्या ओळखीची!) ब्रिटनचा कायदा लागू झाला. बोटींना अन्न पुरवणे, जाहिरात देणे, तिथे नोकरी करणे, सारेच गुन्हा ठरले. बहुतेक केंद्रे मुकी झाली. कॅरोलाइन हट्टाने चालू राहिली. मार्च १९६८ मध्ये थकलेल्या बिलापायी तिच्या बोटी ओढून नेण्यात आल्या.

आता गंमत पाहा. ३० सप्टेंबर १९६७ रोजी बीबीसीने गाण्यांसाठी 'रेडिओ वन' हे नवे केंद्र उघडले. त्यावरचा पहिला निवेदक टोनी ब्लॅकबर्न. तो याच चोरट्या बोटींवर तयार झाला होता. स्वीडनच्या नभोवाणीनेही १९६१ साली समुद्रावरच्या 'रेडिओ नॉर्ड'ला तोंड द्यायला गाण्यांचा स्वतंत्र कार्यक्रम काढला होता.

आणि कॅरोलाइन? पुढे किती वेळा बुडाली आणि पुन्हा बोलू लागली. २०१७ साली तिला मध्यम लहरींवर रीतसर परवाना मिळाला. दिलेली लहर ६४८ किलोहर्ट्‌झची. पूर्वी तिच्यावरून बीबीसीचीच जागतिक सेवा ऐकू येत असे.