टॅब, कंस आणि शंभर ओळी

बेल लॅब्समध्ये एका सकाळी स्टीव्ह जॉन्सन नशिबाला शिव्या घालत स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत शिरले. ‘यॅक’ या प्रसिद्ध साधनाचे हे कर्ते. त्यांची अख्खी सकाळ बरोबर असलेल्या प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात गेली होती. चूक आधीच दुरुस्त झालेली होती, फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहून गेली होती. त्यामुळे जोडणीत जुनाच तुकडा वापरला जात होता. आदल्या संध्याकाळी फेल्डमनही अशाच घोटाळ्यात अडकले होते. त्या शनिवार-रविवारी त्यांनी ‘मेक’ लिहिलं. साल १९७६.

मेकचं काम फराळाच्या उदाहरणाने सांगता येईल. चकलीला भाजणी लागते, भाजणीला भाजलेली धान्यं लागतात. भाजणी नव्याने दळली आणि डब्यात जुन्याच चकल्या राहिल्या, तर नव्या भाजणीची चव येणार कुठून? कशासाठी काय लागतं आणि ते कसं करायचं, हे ‘मेकफाइल’मध्ये लिहायचं. मेक फाइलींच्या शेवटच्या बदलाच्या वेळा ताडून पाहतं आणि जे शिळं झालं असेल तेवढंच पुन्हा करतं. कल्पना एवढीच, पण २००३ साली एसीएम या संस्थेने तिच्यासाठी फेल्डमन यांना पुरस्कार दिला.

याच मेकफाइलमध्ये एक खोडी राहिली. कृतीची ओळ टॅबनेच सुरू झाली पाहिजे, मोकळ्या जागा चालत नाहीत. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून ही चूक डोळ्यांना सापडत नाही. फेल्डमन यांनी याचं कारण पुढे मोकळेपणाने सांगितलं. ‘लेक्स’ हे तेव्हाचं अगदी नवं साधन शिकावं म्हणून ते वापरायला गेले, त्यात गुंतले आणि शेवटी टॅबची सोपी युक्ती करून मोकळे झाले. काही आठवड्यांत डझनभर वापरणारे झाले, बहुतेक मित्रच. त्यांच्या फाइली मोडू नयेत म्हणून टॅब तसाच ठेवला. डझनभर मित्रांची गैरसोय टाळली आणि पुढच्या पिढ्यांच्या गळ्यात टॅब बांधला! टॅबऐवजी दुसरं चिन्ह ठरवण्याची सोय जीएनयू मेकमध्ये आली ती २०१० साली, आणि तोवर सवय इतकी मुरली होती की आजही बहुतेक मेकफाइली टॅबवरच चालतात.

मला मात्र टॅबपेक्षा दुसरी अडचण मोठी वाटते. बांधणीची फाइल सुरुवातीला नुसती यादी असते. मग कुणाला ‘विंडोजवर असेल तर हे, नाहीतर ते’ असं लिहायचं असतं, कुणाला शंभर फाइलींवर तीच कृती करायची असते. यादीला अटी फुटतात, फंक्शनं फुटतात आणि कुणीही न आखलेली एक अर्धवट प्रोग्रॅमिंगची भाषा तयार होते.

जावाच्या जगात हेच पुन्हा घडलं. जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी टॉमकॅटच्या बांधणीसाठी ‘अँट’ लिहिलं आणि फाइलीसाठी एक्सएमएल निवडलं. टॅब गेला, टोकदार कंसांचं जंगल आलं. तेव्हा आज इतकं कळत असतं तर खरीखुरी स्क्रिप्टिंग भाषा वापरली असती, अशा अर्थाचं त्यांनी पुढे स्वतःच लिहिलं.

ती वाट इतरांनी धरली होतीच. पर्लमध्ये ‘कॉन्स’ होतं, त्याच्या कल्पनांवरून स्टीव्हन नाइट यांनी पायथॉनमध्ये ‘एसकॉन्स’ केलं. पण सगळ्यांत बोलकी कहाणी ‘रेक’ची. ओहायोचे जिम वायरिच यांनी रेकसोबतच्या टिपणात सुरुवातीलाच बजावलं आहे, की हे लिहिण्याचा माझा मुळीच इरादा नव्हता. सहकाऱ्याशी मेकफाइलबद्दल बोलताना, त्यात रूबी भाषा लिहिता आली तर, असा विषय निघाला. विचार डोक्यातून जाईना. शेवटी शंभर ओळींत काम भागलं.

इतक्या कमी ओळी पुरल्या, कारण भाषा लिहावीच लागली नाही. ‘टास्क’ आणि ‘फाइल’ ही रूबीतली साधी फंक्शनं. काम, त्याआधीची कामं आणि करायची कृती एवढं नोंदवून ठेवायचं. एखादं काम मागितलं की आधीच्या कामांकडे जायचं, त्यांच्याही आधीच्यांकडे, आणि मग परत येत एकेक उरकायचं. अट, फेरा, शब्दांची चिरफाड हे सगळं रूबीत आयतंच होतं. रूबी १.९ पासून रेक भाषेसोबतच मिळू लागलं. वायरिच २०१४ साली गेले.

मग वाद मिटला का? नाही. पूर्ण भाषा हातात दिली की माणूस तिच्यात काहीही करतो. बांधणीच्या फाइलीत घड्याळ पाहतो, नेटवर जातो. मग तीच फाइल दोन यंत्रांवर दोन वस्तू बनवू शकते. शिवाय ती चालवल्याखेरीज तिच्यात काय आहे हे दुसऱ्या प्रोग्रॅमला नीट कळत नाही. केडीईच्या मंडळींनी एसकॉन्सचा प्रयोग केला आणि शेवटी ते ‘सीमेक’कडे वळले. सीमेकची भाषा तर पुन्हा स्वतःचीच!

गूगलने २०१५ मध्ये ‘बेझल’ खुलं केलं. त्याची भाषा दिसायला पायथॉन, पण हात बांधलेला: तिच्यात ‘व्हाइल’चा फेरा नाही आणि फंक्शनला स्वतःला हाक मारता येत नाही. म्हणजे फाइल वाचणं कधीतरी संपणार याची खात्री. पायथॉनमधून नेमकं काय काढून टाकायचं, हे ठरवण्यातच तिथली बरीच मेहनत आहे.