एट्रियल फ्लटर : इकोपरीक्षण

एट्रियल फ्लटर या तालविकारात हृदयाची रचना, पंपक्षमता आणि अलिंदांतील गुठळ्या यांची श्राव्यातीत ध्वनिलहरींनी केलेली तपासणी. महाराष्ट्रातल्या रुग्णालयांत ती ‘टू-डी इको’ या नावाने परिचित आहे. हृदयासाठी या लहरींचा वापर स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर आणि हेल्मुथ हर्ट्‌झ यांनी १९५३ साली सुरू केला.

नेहमीच्या प्रकारच्या फ्लटरमध्ये विद्युत-आवेग उजव्या अलिंदात त्रिदली झडपेच्या कड्याभोवती अखंड फिरत राहतो. अलिंदे मिनिटाला सुमारे ३०० वेळा आकुंचन पावतात. निलयांपर्यंत बहुधा दोनांपैकी एकच आवेग पोचतो, म्हणून नाडी १५० च्या आसपास, बऱ्याचदा अगदी नियमित लागते. प्रौढांमध्ये निदान ईसीजीवरील करवतीच्या दात्यांसारख्या लाटांवरून होते. इकोमध्येही अलिंदाच्या भिंतीची जलद, लयबद्ध थरथर दिसते आणि डॉप्लरमध्ये द्विदली झडपेतून जाणाऱ्या रक्तप्रवाहावर छोट्या लाटा उमटतात. पण इको मागवण्याचे कारण ते नसते. हा ताल का बिघडला, हृदयाला त्याची झळ किती बसली आणि ताल पूर्ववत करण्यासाठी विजेचा झटका देणे सुरक्षित आहे का, हे इकोने कळते.

छातीवरून केलेल्या इकोत अलिंदांचा आकार, झडपा, निलयांची ताकद आणि फुप्फुसधमनीतील दाब पाहतात. भारतात ऱ्हुमॅटिक तापामुळे अरुंद झालेली द्विदली झडप आवर्जून शोधावी लागते, कारण ती सापडली की गुठळीचा धोका आणि औषधाची निवड दोन्ही बदलतात. अलिंदांमधील पडद्याला असलेले छिद्र किंवा जन्मजात दोषासाठी लहानपणी झालेली शस्त्रक्रिया हेही फ्लटरचे मूळ असू शकते. जलद गती आठवडेच्या आठवडे टिकली तर निरोगी डावे निलयही दुबळे होते. तेव्हा इजेक्शन फ्रॅक्शनचा, म्हणजे निलयाच्या पंपक्षमतेचा, कमी भरलेला आकडा पाहून रुग्णावर कायमच्या हृदयदुर्बलतेचा शिक्का मारणे घाईचे ठरते. ताल पूर्ववत झाल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी इको पुन्हा करावी. अशा दुर्बलतेतून हृदय बऱ्याचदा सावरते.

गुठळीचा प्रश्न सर्वांत नाजूक. ती बहुधा डाव्या अलिंदाला जोडलेल्या बोटासारख्या कप्प्यात धरते आणि हा कप्पा छातीवरून नीट दिसत नाही. त्यासाठी प्रोब अन्ननलिकेत उतरवतात. अन्ननलिका डाव्या अलिंदाच्या लगेच मागे असल्याने चित्र स्वच्छ मिळते. गुठळीबरोबरच रक्त साकळू लागल्याचे चिन्ह म्हणजे धुरासारखे घुमणारे पट्टेही पाहतात आणि कप्प्यातून बाहेर पडणाऱ्या प्रवाहाचा वेग मोजतात. तो सेकंदाला २० सेंटिमीटरांहून कमी असल्यास धोका वाढलेला असतो. फ्लटरमध्ये हा वेग एट्रियल फिब्रिलेशनपेक्षा बहुधा चांगला राहतो, पण त्यावर विसंबून राहू नये. विकार ४८ तासांहून जुना किंवा किती जुना हे अनिश्चित असेल, तर झटक्याआधी किमान ३ आठवडे रक्त पातळ करणारे औषध देतात, नाहीतर या तपासणीने गुठळी नसल्याची खात्री करून घेतात. गुठळी दिसली तर तातडीचे जीवघेणे कारण नसल्यास झटका पुढे ढकलतात.

तपासणी निर्दोष निघाली तरी झटक्यानंतर किमान ४ आठवडे औषध चालू ठेवावेच लागते. ईसीजीवर ताल सुधारलेला दिसतो, पण अलिंदाचे स्नायू काही काळ बधिर राहतात आणि प्रवाह आधीपेक्षाही मंदावू शकतो. नवी गुठळी याच काळात धरण्याची भीती असते. ‘इको चांगली आली’ म्हणून गोळ्या बंद करणाऱ्या रुग्णाला ही गोष्ट समजावून सांगणे डॉक्टरांचे कर्तव्यच आहे.

कॅथेटरने फ्लटरचा मार्ग तोडताना काही केंद्रांत हृदयाच्या आतूनच इको करतात. त्रिदली झडप आणि अधोमहाशिरा यांमधील चिंचोळ्या पट्टीतले खळगे आणि उंचवटे त्यात दिसतात, आणि हृदयावरणात रक्त साचू लागल्यास ते लवकर लक्षात येते.

गर्भातील बाळाचा ईसीजी सहजी काढता येत नाही, त्यामुळे तिथे निदानच इकोवर होते. एम-मोडची एकच रेषा अलिंद आणि निलय दोहोंतून नेली की अलिंदाची मिनिटाला ३०० ते ५०० आणि निलयाची बहुधा त्याच्या निम्मी आकुंचने शेजारीशेजारी मोजता येतात. बाळाच्या अंगात पाणी साचू लागले आहे का, हेही त्याच वेळी पाहतात. उपचार आईच्या मार्फत डिगॉक्सिन किंवा सोटॅलॉल देऊन होतो, आणि औषध लागू पडते आहे की नाही हे पुन्हा पुन्हा इको करूनच ठरवतात.