दाण्यांचं लोणी

शेंगदाण्याचा विषय निघाला की मराठी वाचकाला अमेरिकी शेतीतज्ज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आठवतात. वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’ने तेवढी माया लावून ठेवली आहे. त्यामुळे पीनट बटरही त्यांच्याच नावावर जमा करणारे पुष्कळ भेटतात. कार्व्हरांनी 1916 साली दाणे रांधायचे 105 प्रकार सांगणारी पुस्तिका काढली हे खरं, पण तोवर अमेरिकेत पीनट बटर दुकानांत मिळू लागलं होतं. नापीक जमिनी सुधारणाऱ्या माणसाला हे उसनं श्रेय हवंय कशाला?

भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. युरोपीय जहाजं तिथे पोचण्याच्या आधीपासून तिथले लोक दाणे वाटून खात होते. पेटंटच्या दप्तरात मात्र नाव सापडतं ते माँट्रियलच्या मार्सेलस एडसन यांचं, साल 1884. भाजलेले दाणे तापलेल्या पृष्ठभागांमध्ये इतके दळायचे की त्यांचा पातळ लगदा व्हावा. निवला की तो लोण्यासारखा घट्ट होतो. एडसनना तो मिठाईसाठी हवा होता, म्हणून त्यांनी त्यात साखर घातली.

भाकरीला लावायचं लोणी म्हणून त्याला खरा आश्रय मिळाला मिशिगनमधल्या बॅटल क्रीक गावात. कॉर्नफ्लेक्सवाले डॉ. जॉन हार्वे केलॉग तिथलं आरोग्यधाम चालवत. पंथाने सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट आणि शाकाहाराचे कडवे पुरस्कर्ते. रुग्णांना मांसाऐवजी काहीतरी पौष्टिक द्यायचं म्हणून त्यांनी दाण्यांचा लगदा करायला घेतला आणि 1895 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. ते दाणे भाजत नसत, उकडत. खमंगपणा वजा केल्यावर काय चव उरत असेल, याची कल्पना दाण्याची आमटी खाणाऱ्यांना द्यायला नको.

केलॉग यांच्याकडे काम केलेले जोसेफ लँबर्ट 1896 पासून हाताने फिरवायचं दाणे दळायचं यंत्र विकू लागले. त्यांच्या पत्नी अल्मेडा यांनी 1899 मध्ये दाणे, बदाम वगैरेंच्या पाककृतींचं आख्खं पुस्तक लिहिलं. दाण्यांचं दूध, त्याची साय, लोणी, सगळं त्यात आहे. आज ‘व्हीगन’ म्हणून चढ्या दराने विकलं जाणारं बरंच काही तेव्हा स्वयंपाकघरात हाताने होत होतं.

या लोण्याचं आपल्याकडचं सर्वांत प्रसिद्ध गिऱ्हाईक म्हणजे गांधीजी. 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडलं. 1918 साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना त्यांचा मुख्य आहार दाण्यांचं लोणी आणि लिंबू. हे लोणी जास्त खाल्लं तर बाधतं हे ठाऊक असूनही आपण ते खाल्लं आणि आव ओढवून घेतली, असं त्यांनीच आत्मकथेत सांगितलं आहे. दुखणं विकोपाला गेलं आणि अखेर ते शेळीच्या दुधावर आले. दाण्यांचा दोष नाही, प्रमाणाचा.

तोवर अमेरिकेत वेगळीच कटकट चालू होती. दाण्यांचं तेल सुटून वर यायचं, खाली घट्ट गाळ बसायचा, आणि तेल खवट व्हायचं. 1922 मध्ये जोसेफ रोझफिल्ड यांनी थोडं तेल वनस्पती तुपासारखं गोठवून त्यात मिसळलं, आणि तेल वर येणं थांबलं. बरणी महिनोन् महिने दुकानात राहू लागली. मग काही उत्पादकांनी दाणे कमी आणि बाकीची भर जास्त असा धंदा चालवला. वर्षानुवर्षं वाद घालून अमेरिकी सरकारने नियम केला, की पीनट बटर म्हणायचं तर त्यात निदान 90 टक्के दाणे हवेत.

घरी हा हिशेब सोपा आहे. दाणे मंद आचेवर भाजायचे, साल पाखडायची आणि मिक्सरमध्ये फिरवायचे. आधी कूट होतो. आपण एरवी इथेच थांबतो. सोलापूरची शेंगाचटणी कुटणाऱ्या बाया तेल सुटेपर्यंत थांबत नाहीत. तसंच पुढे, मधेमधे मिक्सरला विसावा देत, कडेचं खरवडत राहायचं. गोळा होतो, मग सैल पडतो. पाण्याचा थेंबही घालू नका, लगदा आळतो आणि लवकर खराब होतो. गोड हवं तर किसलेला गूळ घालून लाडू वळा. दोन दिवसांनी वर तेल दिसलं तर फेकू नका. चमच्याने ढवळा आणि खा.