खिडकी आणि कोकेन

घोड्यावर बसण्याचा माझा एकूण अनुभव माथेरानपुरता, आणि तिथेही लगाम घोडेवाल्याच्याच हातात होता. रेसवर पैसे लावायचं धाडस तर कधीच झालं नाही. तरी गेले काही वीकेंड मी रेसच्या घोड्यांबद्दल वाचत बसलोय, कारण एक प्रश्न डोक्यातून जात नाही. जगभरचे थरोब्रेड घोडे एकाच खानदानातले. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडात आणलेल्या तीन पूर्वेकडच्या घोड्यांपर्यंत सगळ्यांचं पितृकुळ पोचतं. म्हणजे हाडं तीच, फुप्फुसं तीच. मग घोडा तयार करायची पद्धत देशोदेशी इतकी वेगळी का?

पहिलं उत्तर अगदी साधं आहे: जमीन.

इंग्लंडात न्यूमार्केट हे रेसचं माहेरघर. गावाभोवती मैलोनमैल गवताळ माळ आणि वॉरन हिलचा चढ. घोडे ट्रेनरच्या स्वतःच्या पागेत राहतात, सकाळी रांगेने माळावर जातात, चढावर रपेट करतात आणि घरी येतात. शर्यत दुसऱ्या गावी असली की प्रवास करायचा. ट्रेनर बाजूला उभा राहून नुसत्या नजरेने पारखणार. एकोणिसाव्या शतकात तर घोड्याची चाचणी हे गुपित असे. कुठल्या घोड्यावर किती वजन आहे हे वर बसलेल्या पोरालाही कळू नये म्हणून खोगिरात शिसं लपवायचे. आणि झुडपात दडून ही चाचणी चोरून बघणारे खबरे हाही एक रीतसर धंदा होता!

अमेरिकेत उलट. तिथे घोडे रेसकोर्सच्याच मागच्या बाजूला तबेल्यांत राहतात आणि ज्या मातीच्या लंबगोल ट्रॅकवर शर्यत, त्याच ट्रॅकवर पहाटे सरावही करतात. ट्रॅक सपाट, मोजलेला, सगळीकडे साधारण सारखा. अशा जागी घड्याळ न लावलं तरच नवल. सरावातल्या भरधाव दौडीची वेळ तिथे अधिकृतपणे टिपतात आणि छापतात. शिवाय मातीवर पुढे पळणाऱ्याच्या टापांची माती मागच्याच्या तोंडावर उडते, त्यामुळे सुरुवातीपासून वेग हवा. इंग्लिश ट्रेनर विचारणार, ‘कसा चालतोय?’ अमेरिकन विचारणार, ‘किती सेकंद?’

इथपर्यंत ठीक आहे. दोन देश, दोन जागा, दोन पद्धती. खरी गंमत हे दोघे समोरासमोर आले तेव्हा झाली.

त्याआधी इंग्लंडची जुनी पद्धत थोडी बघू. अठराव्या शतकात एक्लिप्ससारखे घोडे चार-चार मैलांच्या फेऱ्या पळत, त्याही एका दिवसात अनेकदा. त्यासाठी घोड्याला कोरफडीच्या सुकवलेल्या रसाचा जुलाब द्यायचा, मग अंगावर जाड घोंगड्या घालून चार मैल पळवायचं, घाम निथळला की खरडून काढायचा. चरबी गेली म्हणजे घोडा तयार! १७७६ ते १७८० या काळात सेंट लेजर, ओक्स, डर्बी आल्या. तीन वर्षांच्या कोवळ्या घोड्यांच्या, पूर्वीपेक्षा आखूड शर्यती. खेळ बदलला, सवयी मात्र बराच काळ रेंगाळल्या. आमच्या धंद्यात याला लेगसी कोड म्हणतात. का लिहिलंय कुणाला माहीत नसतं, आणि काढायची कुणाची हिंमत नसते. तसेच ते बंद, उबदार तबेले. घोड्याला वारा लागू नये म्हणून खिडक्या गच्च.

१८९७ साली टॉड स्लोन नावाचा अमेरिकन जॉकी इंग्लंडात आला. रिकिबी आखूड, पाठ वाकलेली, जवळजवळ घोड्याच्या मानेवर झुकलेला. लोकांनी त्याला माकड म्हणून हिणवलं. मग तो जिंकायला लागला. २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाप्रमाणे, ही बैठक रूढ झाली त्या १९००च्या आसपासच्या काळात शर्यतींच्या वेळा पाच ते सात टक्क्यांनी सुधारल्या. कारण असं, की वाकलेला जॉकी गुडघ्यांची स्प्रिंग करतो. घोड्याला त्याचं वजन वाहावं लागतं, पण प्रत्येक उडीबरोबर ते पुढेमागे हिसकावं लागत नाही.

स्लोनच्या आगेमागे अमेरिकन ट्रेनर आले. त्यांनी तबेल्यांच्या खिडक्या उघडल्या. लोखंडाऐवजी हलके अ‍ॅल्युमिनियमचे नाल ठोकले. सरावात घड्याळ आणलं. १९०१ साली जॉन हगिन्सच्या व्होलोदियोव्स्कीने एप्सम डर्बी जिंकली.  त्याच सुमारास ईनॉक विशार्ड हा ट्रेनर, कालपर्यंत फुकट गेलेले घोडे विकत घेऊन आज जिंकवून दाखवत होता. त्याच्या सामानात खिडकी आणि नाल होतेच, पण कोकेनही होतं. आणि त्यावेळी नियमांत त्यावर बंदीसुद्धा नव्हती.

आता विचार करा, तुम्ही न्यूमार्केटचे ट्रेनर आहात. शेजारचा परदेशी माणूस तुम्हाला रोज हरवतोय. त्याच्याकडे पाच गोष्टी नव्या आहेत. चार घोड्याच्या भल्याच्या, एक त्याला जाळणारी. निकालाच्या पाटीवर मात्र पाचही सारख्याच दिसतात: पहिला नंबर. तुम्ही काय उचलाल?

जॉर्ज लॅम्ब्टन या इंग्लिश ट्रेनरने इथे फार शहाणपणाचं काम केलं. आधी सांगून-सवरून त्याने आपल्याच पागेतल्या नाठाळ, पळायला राजी नसलेल्या घोड्यांना ते औषध दिलं आणि ते कसे सुसाट सुटतात हे जॉकी क्लबला दाखवून दिलं. म्हणजे बाकी सगळं तेच ठेवून एकच गोष्ट बदलली. डीबगिंग यापेक्षा वेगळं काय असतं? १९०३ साली उत्तेजकांवर बंदी आली. खिडक्या उघड्याच राहिल्या, नाल हलकेच राहिले, बैठक तर जगभर पसरली.

ऐंशी-नव्वद वर्षांनी हीच कथा उलटी घडली. मार्टिन पाइप हा बुकीचा मुलगा, ट्रेनरचं घराणं वगैरे काही नाही. सॉमरसेटमध्ये एका आखूड चढावर तो घोड्यांना थांबवून थांबवून पुन्हा पुन्हा पळवायचा, धावपटू करतात तसं. नियमित रक्त तपासायचा. अडथळ्यांच्या शर्यतींत तो पंधरा वेळा चॅम्पियन ट्रेनर झाला. लोक कुजबुजले, नक्की काहीतरी देत असणार. २००२ साली जॉकी क्लबने त्याच्यासह काही पागांवर अचानक जाऊन रक्ताचे नमुने घेतले. काही सापडलं नाही. या वेळी फक्त खिडकीच होती, लोकांना मात्र कोकेन दिसत होतं.

आता जपान. जपान रेसिंग असोसिएशनचे घोडे दोन अवाढव्य केंद्रांत तयार होतात: क्योटोजवळचं रित्तो, १९६९चं, आणि टोकियोच्या ईशान्येचं मिहो, १९७८चं. १९८५ साली रित्तोत लाकडाच्या ढलप्यांचा कृत्रिम चढ बांधला. आज त्याची लांबी १,०८५ मीटर आणि चढाई ३२ मीटर आहे. चढावर कमी वेगातही हृदय जोरात काम करतं, आणि एरवी ज्यांच्यावर शरीराचा साठेक टक्के भार असतो त्या पुढच्या पायांना कमी दणके बसतात. वर वेळही यंत्राने मोजतात. म्हटलं तर चढ न्यूमार्केटचा, घड्याळ अमेरिकेचं! थोड्याच वर्षांत रित्तोचे घोडे मिहोला सरसकट हरवायला लागले. मिहोने १९९३ला आपला चढ बांधला, आणि २०२३ला तो वाढवून ३३ मीटर केला.

पण चांगल्या गोष्टीचंही माप असतं. तामेओ तोयामाने मिहोनो बर्बन हा कमी पल्ल्याच्या वंशातला स्वस्त घोडा चढावर घासून घासून १९९२च्या जपानी डर्बीत २,४०० मीटर जिंकायला लावला. त्याच शरदात तो ३,००० मीटरच्या शर्यतीत दुसरा आला, मग पाय दुखावला आणि पुन्हा कधी पळला नाही.

आणि अमेरिका? घड्याळाच्या त्या देशात शर्यतीच्या दिवशी औषध देणं सत्तरच्या दशकापासून सर्रास झालं. कॅलिफोर्नियातल्या सांता अनिता रेसकोर्सवर डिसेंबर २०१८अखेर ते जून २०१९ या एका हंगामात तीस घोडे मेले. त्यानंतर २०२० साली देशभर एकच नियम आणणारा कायदा झाला. इंग्लंडने जो प्रश्न १९०३ला विचारला, तो तिथे देशपातळीवर विचारायला एवढा वेळ लागला.

म्हणून मला ‘कुठल्या देशाची पद्धत बेस्ट?’ हा प्रश्नच आता चुकीचा वाटतो. २०२५ला जपानच्या फॉरएव्हर यंगने अमेरिकेत जाऊन, त्यांच्याच मातीवर ब्रीडर्स कप क्लासिक जिंकली. पण पॅरिसच्या गवतावरची आर्क शर्यत २०२५पर्यंत एकाही जपानी घोड्याला जमलेली नाही. जमीन आपलं म्हणणं सोडत नाही. दुसऱ्याची पद्धत उचलायला हरकत नाही, पण ती गाठोड्यात बांधून येते. गाठोडं सोडून एकेक वस्तू तपासायचं काम माणसाचं आहे. घोडा काही बोलणार नाहीये. तो फक्त पळणार, मोडेपर्यंत.