गळ्यातला मणी आणि नाणेघाटाची वाट

माऊली, क्षणभर आपल्या गळ्यातल्या माळेला हात लावा. रोज जप होतो, बोटांखालून मणी सरकतात; पण माणसाने मणी ओवायला कधीपासून आणि कशासाठी घेतला, हा विचार सहसा मनात येत नाही. शहापूर-मुरबाडकडच्या वारकऱ्याला तो इतिहास शोधायला लांब जायला नको. तो त्याच्याच रानात आहे.

मुरबाडहून टोकावडे ओलांडून वैशाखऱ्याला आलो की समोर सह्याद्री भिंतीसारखा उभा राहतो. त्यातून जुन्नरकडे चढणारा नाणेघाट ही दोन हजार वर्षांपूर्वीची सातवाहनांची व्यापारी वाट. घाटमाथ्यावरच्या लेण्यात ब्राह्मी लिपीतला लेख आहे. राणी नागनिकेचा म्हणून तो ओळखला जातो. यज्ञ केले, गाई दिल्या, घोडे दिले, कार्षापण नाणी दिली, अशी दानाची मोजदाद त्यात आहे. जवळच एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात पडत, असे लोक सांगतात.

या वाटेच्या खालच्या अंगाला कल्याण आणि सोपारा ही बंदरे. वर, दूर देशावर, पैठण आणि तेर. आपल्याला पैठण ठाऊक ते नाथांचे आणि तेर ठाऊक ते गोरोबाकाकांचे. संतांच्या आधी हजारभर वर्षे ही दोन्ही गावे व्यापारासाठी नावाजलेली होती. ‘पेरिप्लस’ नावाचा पहिल्या शतकातला ग्रीक ग्रंथ सांगतो, की पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड गाड्या भरून भडोच बंदराकडे जात. त्यात कल्याण बंदराचेही नाव आहे. तेरच्या मातीतून निघालेले जुने मणी आजही तिथल्या संग्रहालयात पाहायला मिळतात.

हा अकीक आपल्याच काळ्या कातळाच्या पोटातला. लाव्हा थंड होताना त्यात पोकळ्या राहिल्या आणि पुढे पाण्याबरोबर आलेल्या द्रव्याने त्या भरल्या. कारागीर तो दगड फोडी, घासून गोल करी, लाली यावी म्हणून भट्टीत भाजी, आणि शेवटी भोक पाडी. भोक पाडताना हात चुकला तर सगळी मेहनत वाया. असा मणी समुद्रापार जाई.

त्याच डोंगरउतारावर दुसरा मणी आपोआप पिकत होता. वेलीवर शेंग तडकते आणि आत लाल अंगाची, काळ्या डोळ्याची गुंज दिसते. सोनाराने हीच गुंज काट्यात घातली. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे शहाण्णव रानबियांनी एक तोळा सोने तोलले. सोन्याची किंमत सांगणारी ही बी, तिला स्वतःला किंमत नाही! भागवताच्या दशम स्कंधात ब्रह्मदेव बाळकृष्णाची स्तुती करतो, तेव्हा देवाच्या कानात गुंजांचेच भूषण आहे. देव गोपाळांत आला तो गोपाळांचाच दागिना लेऊन. पण गुंज फार विषारी असते. ती मुलांच्या हाती देऊ नये.

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरच्या ठाकर बायांच्या गळ्यात आपण काचमण्यांच्या सरी पाहिल्या असतील. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरली की पाड्यापाड्यांवरून माणसे खरेदीला उतरतात. त्या सरी पाहून कोणी हसला, तर त्याने गोपाळांचा दागिना आठवावा.

दागिना घडवणाऱ्यांतही आपले एक संत आहेत, नरहरी सोनार. परंपरा सांगते, की ते शिवभक्त. विठ्ठलाचे मुख पाहायचे नाही असा त्यांचा नेम. एका सावकाराने देवासाठी करदोडा घडवायला दिला. तो एकदा सैल झाला, एकदा घट्ट झाला. शेवटी नरहरी महाराज डोळे बांधून स्वतः माप घ्यायला राऊळात गेले. हाताला शिवाच्या खुणा लागल्या, म्हणून डोळे उघडले, तर समोर पांडुरंग. गुंजेगुंजेचा हिशेब ठेवणाऱ्या हाताला देवाचे माप काही सापडले नाही. सापडले ते हरिहरांचे ऐक्य.

आता पुन्हा आपल्या माळेकडे या. पंढरपुरात काशीकापडी समाजाची घरे पिढ्यान्‌पिढ्या तुळशीची माळ हाताने घडवत आली आहेत. वाळलेले काष्ठ तोडायचे, मणी गोल करायचा, भोक पाडायचे, ओवायचे. कृती अकीकाचीच, पण या मण्यासाठी खाण नको, भट्टी नको. त्याचे झाड आपल्या अंगणात आहे. आज जत्रेत भलत्याच लाकडाचे, कधी प्लास्टिकचेही मणी तुळशीच्या नावाने गळ्यात पडतात. माळ घेताना ती कोणी घडवली हे विचारा, आणि घडवणाऱ्या हाताला त्याचा दाम द्या.

माळ तुटली तर ती पुन्हा ओवून गळ्यात घालेपर्यंत अनेक माळकरी अन्नाला शिवत नाहीत. या नेमाचा अर्थ पाहा. अकीकाचा हार तुटला तर कारागीर शोधावा लागतो. तुळशीची माळ ज्याची त्याने ओवायची. खाली बसायचे, सांडलेला एकेक मणी वेचायचा, मोजायचा, दोऱ्यात घ्यायचा. त्या घटकेला राजा असो की पाड्यावरचा माळकरी, दोघांची बैठक जमिनीवरच.

नाणेघाटाने गेलेले मणी कोणाच्या गळ्यात पडले, कोण जाणे. आपला मात्र आपल्या गळ्यात आहे. त्याचा दोरा एकदा तपासून घ्या. झिजला असेल तर आजच बदला.

रामकृष्ण हरी.