कातारी, लाख आणि राजपुत्राची कथा

आपला मूळपुरुष थोर असावा, असे प्रत्येक कारागीर ज्ञातीला वाटते. आपण विश्वकर्म्याचे नाव घेतो. जपानातील कातारी, ज्यांना तेथे किजिशी म्हणतात, ते कोरेताका या राजपुत्राचे घेतात. नवव्या शतकातील हा राजपुत्र गादीला मुकून डोंगरात राहिला; पोथीची गुंडाळी उलगडताना दोरीने दांडा फिरतो हे पाहून त्याला कातयंत्र सुचले, अशी त्यांची श्रद्धा.

कथा गोड आहे, पण इतिहासापुढे टिकत नाही. कोरेताकाचा जन्म इ. स. ८४४ चा. त्याच्या पाऊण शतक आधीच, ७६४ ते ७७० च्या दरम्यान, सम्राज्ञी शोतोकु हिने दहा लक्ष लाकडी स्तूपिका कातवून दहा मंदिरांना वाटल्या होत्या. त्यांतील चाळीस हजारांहून अधिक होर्युजी मंदिरात अद्याप आहेत.

मग ही कथा शेकडो वर्षे का जपली गेली? आमच्या मते, लाकडासाठी. किजिशी रानोमाळ हिंडत. एका डोंगरावरील झाडे सरली की बिऱ्हाड पुढच्या डोंगरावर. गावकऱ्यांनी अडविले की राजपुत्राच्या नावाचे अधिकारपत्र पुढे करावयाचे. ओमी प्रांतातील त्यांच्या मूळ देवस्थानाचे लोक घरोघर फिरून वर्गणी घेत व कुटुंबांची नावे वहीत नोंदवीत. यांतील जुनी वही १६४७ ची, म्हणजे आपल्याकडील शिवकाळाच्या आरंभीची. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे नवल वाटणार नाही. पुढे मेजी राजवटीत (१८६८–१९१२) राने सरकारजमा झाली, पत्रांचा अधिकार संपला आणि किजिशी गावोगाव स्थिरावले.

त्यांच्या व आपल्या कामात एक मोठा भेद आहे. जपानी उरुशी हा झाडाचा चीक. तो दमट हवेतच कठीण होतो. आपली लाख किड्यांपासून होते, पळस, बोर, कुसुंब या झाडांवर. ती उष्णतेने वितळते. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणानेच रंग चढतो. तेथे भांडे थरामागून थर देत दिवसचे दिवस ठेवावे लागते. येथे कारागीर बसल्या बैठकीला रंगवून मोकळा होतो.

हे लाखकाम पाहण्यास सावंतवाडीस जावे, असे सांगण्याची रीत आहे, व ती योग्यच आहे. पण उल्हासनगरही विसरू नये. १९४७ नंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंधी घराचा मान म्हणजे पींघो, मोठा झोपाळा. आणि त्याच्या कातीव, लाखेने रंगविलेल्या खांबांसाठी सिंधमधील हाला हे गाव प्रसिद्ध. तेथे रंगीत लाखेचे थर चढवून वरचा थर अणीने खरवडतात, म्हणजे खालचा रंग नक्षी होऊन उमटतो. हाला आता सीमेपलीकडे राहिले.

अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांत लाकडाची जागा लोखंडाने घेतली. कातयंत्राला आता घरोघर लेथ म्हणतात. आपल्या घराण्यांची वही मात्र आपणच करावयास हवी. सभासदांनी पुढील अंकासाठी मूळ गाव, वापरातले लाकूड व हत्यारांची घरगुती नावे लिहून पाठवावीत. जपानात दोरी ओढण्याचे काम पुष्कळदा घरधनीणच करी. आपल्या घरी ते जिने केले, त्या आजीचे नावही लिहावे.