ब्रेनवॉशिंग: कोरियाच्या काटेरी तारेपासून पंथांच्या दारापर्यंत

आग्र्याला पोस्टिंग असली की कोरियाचा विषय कधी ना कधी निघतोच. १९५० साली तिथे गेलेल्या ६० पॅरा फील्ड अ‍ॅम्ब्युलन्सचे नाव इथे आजही आदराने घेतात. पण कोरियात आपल्या फौजेने आणखी एक अवघड काम केले, आणि एका जुन्या वादाचे मूळही तिथेच आहे.

एखाद्या बुवाच्या नादी लागलेल्या माणसाबद्दल आपण सहज म्हणतो, “त्याचे ब्रेनवॉशिंग झाले.” हा शब्द इंग्रजीत रूढ केला अमेरिकन पत्रकार एडवर्ड हंटर याने, १९५० मध्ये. मग कोरियात पकडलेले काही अमेरिकन सैनिक शत्रूच्या बाजूने बोलू लागले आणि या शब्दाला पंख फुटले.

१९५३ मध्ये लढाई थांबली. मायदेशी परतायला नकार देणारे युद्धकैदी भारतीय कस्टोडियन फोर्सच्या ताब्यात आले. जनरल थिमय्या आयोगाचे अध्यक्ष होते, तर फोर्सची कमान कोल्हापूरकडच्या मेजर जनरल शंकरराव थोरातांकडे होती. एका बाजूचे सुमारे २२,६०० चिनी आणि कोरियन कैदी होते, दुसऱ्या बाजूचे ३५९. या ३५९ मध्ये २३ अमेरिकन. त्यांतले दोघे मुदतीतच परतले आणि त्यांचे कोर्ट मार्शल झाले. उरलेले २१ चीनमध्ये गेले, पण पुढच्या वर्षांत त्यांतलेही बहुतेक घरी परतले. मेंदू खरोखर धुतला गेला असता, तर ते परतले कसे?

मानसशास्त्रज्ञ एडगर शाइन याने सुटून आलेल्या कैद्यांना विचारून पाहिले. जादू कुठेच नव्हती. अधिकारी आणि जवान वेगळे ठेवले होते, घरची पत्रे अडवली जात होती, आणि आपल्यातलाच कोण खबऱ्या आहे हे कोणालाच कळत नव्हते. जगण्यासाठी सहकार्य करणारे बरेच होते, मनापासून मत बदललेले फार थोडे.

१९७० नंतर नव्या धार्मिक पंथांवर हाच शब्द चिकटला. मानसशास्त्रज्ञ मार्गारेट सिंगर न्यायालयांत साक्ष देत की असे पंथ माणसाची इच्छाशक्तीच काढून घेतात. तिकडे ब्रिटनमध्ये आयलीन बार्कर हिने ‘मूनी’ पंथाच्या शिबिरांना आलेल्या हजारभर लोकांचा हिशेब मांडला (१९८४). शंभरातले जेमतेम दहा पंथात गेले, आणि दोन वर्षांनी पाचहूनही कमी टिकले. १९८७ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने सिंगर यांच्या समितीचा अहवाल शास्त्रीय कसोटीवर अपुरा म्हणून नाकारला. १९९० मध्ये फिशमन खटल्यात न्यायालयाने अशी साक्ष बाजूला ठेवली.

म्हणजे वाद मिटला? नाही. १९७८ मध्ये जोन्सटाउनला नऊशेहून अधिक माणसे मेली, त्यांत सुमारे ३०० मुले होती. समाजशास्त्रज्ञ बेंजामिन झाब्लोकी याने नेमके बोट ठेवले: लोक आत कसे जातात हा प्रश्नच चुकीचा आहे, ते बाहेर का पडू शकत नाहीत ते विचारा. बार्करचे आकडे दाराजवळचे आहेत. आत वर्षे काढलेल्या माणसाला बाहेर पडण्याची काय किंमत मोजावी लागते, हे त्यांतून कळत नाही.

थोरातांच्या जवानांनी ही किंमत डोळ्यांनी पाहिली. छावणीतल्या बराकींवर कैद्यांच्याच म्होरक्यांची दहशत होती. घरी जायचे म्हटले की मार बसे, खूनही पडले. म्हणून परत जाऊ इच्छिणारे काही जण तारेवर चढून आपल्या संत्रीकडे धाव घेत. तार ओलांडताच तो माणूस मोकळेपणी बोलू लागे. त्याचे मन शाबूत होते, फक्त वाट बंद होती.

आपल्यालाही रंगरूट असताना घडवले जाते. केस कापतात, नावाऐवजी नंबर येतो, झोप मोडतात. पण आपण घरी पत्र लिहू शकतो, रजेवर जातो, आणि उस्तादापेक्षा मोठा कायदा असतो. कोणत्याही बाबाच्या आश्रमाबद्दल मी हेच विचारतो. आतल्या माणसाला घरच्यांशी एकट्याने बोलता येते का? तो निघाला तर पैसा, मुले, मित्र यांतले काय मागे राहील? “डोके फिरले आहे” म्हटले की आपले काम संपते. हे प्रश्न विचारले, तर निदान तारेबाहेर उभे कोणी आहे हे त्याला कळते.